न्हाव्याच्या कोपऱ्यावरचं चाक

३ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

सप्रेम नमस्कार. पाकिटाचा जाडपणा बघून घाबरू नका. कुणी आजारी नाही, कुणी भांडलेलं नाही. बातमी चाकाची आहे.

खाणीच्या तोंडावरचा लोखंडी मनोरा कंपनी पाडते आहे. खाण बंद पडल्यापासून तो नुसताच उभा होता, डोक्यावर माणसं खाली-वर नेणाऱ्या पिंजऱ्याचं ते भलंमोठं चाक घेऊन. आता सगळं कापून भंगारात जाणार. हे कळलं आणि इकडे सगळ्यांना एकदम जाग आली. समिती झाली. समिती म्हटली की अध्यक्ष आले, आणि अध्यक्ष कोण ते तुम्ही ओळखलंतच. शाळेच्या प्रत्येक फोटोत मधोमध उभे असायचे तेच. परवा त्यांनी सभा बोलावली आणि सुरुवात मात्र चांगली केली. म्हणाले, "जुन्या खाणीतलं पाणी फुटलं आणि आपली एकोणीस माणसं खालीच राहिली. बावीस वर्षं झाली, पण त्यांच्या नावाचा एक दगड गावात नाही." मग त्यांनी चित्र उलगडलं. कंपनीच्या कार्यालयासमोरच्या बागेत पांढरा खांब, भोवती कारंजं, कारंज्यात रंगीत दिवे.

भाऊजी, मी सभेत कधी तोंड उघडलेलं नाही. पण उठले आणि म्हटलं, "अहो, पाण्यानं गेलेल्या माणसांसाठी कारंजं कसलं बांधता?"

अध्यक्षांनी चित्र गुंडाळलं. मागून कुणीतरी विचारलं, "मग काय बांधायचं ते तरी सांगा." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "चाक."

तुम्हाला आठवत असेल, ते आमच्या स्वयंपाकघरातून दिसायचं. एका बाजूला फिरलं की माणसं खाली चालली, उलटं फिरलं की वर येतायत. ते उलटं फिरायला लागलं की गल्लीतल्या सगळ्या बायका अंघोळीचं पाणी तापायला ठेवायच्या. घड्याळाकडे बघायची गरजच नसायची.

कंपनी म्हणते, फुकट न्या, पण महिनाअखेरच्या आत आणि स्वतः. क्रेननं खाली उतरवून देतो, पुढचं तुम्ही बघा. आता पुढचं बघणारं इथं कोण आहे? लिफ्टवाले ते तुम्ही. चाक दोन माणसांच्या उंचीहून मोठं आहे. कसं न्यायचं ते लिहा. त्याहून बरं म्हणजे स्वतः या. इथून गेल्यापासून एकदाही आला नाहीत. तुमची मुलं मात्र सुट्टीत येऊन माझं डोकं खाऊन जातात, ती बरी.

तुमच्या भावाला हे सगळं सांगितलं असतं तर ते "हं" म्हणाले असते. उभ्या संसारात माझ्या वाट्याला तेवढा एक हुंकार आला. मी बोलायची आणि भिंत ऐकायची. पण चाकाला ते नाही म्हणाले नसते.

जाऊबाईंना नमस्कार.

तुमची,
वहिनी

१२ फेब्रुवारी

ती. वहिनींस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र खिशात घालून कामावर गेलो आणि सातव्या मजल्याऐवजी नवव्यावर उतरलो. कारंज्याचं उत्तर इथल्या सगळ्या पोरांना वाचून दाखवलं. एक जण म्हणाला, तुमच्या वहिनींना आमच्या मालकाच्या बैठकीला पाठवा.

आता कामाचं. चाक उभं लोळवत नेऊ नका. हातातून सुटलं तर थेट शाळेत शिरेल आणि मास्तर हजेरी लावतील. ट्रॅक्टरच्या मागे बिनकठड्याची ट्रॉली जोडा, तिच्यावर आडवं ठेवा, एक कड लाकडी ओंडक्यांवर उचलून तिरपं करा म्हणजे रुंदी कमी होईल. साखळ्या दोन्हीकडून. पुढे दोर, मागे दोर. मागचा दोर उतारावर गाडी रोखायला लागतो, म्हणून तिथे वजनदार माणसं हवीत. अध्यक्षांना मागे ठेवा.

रस्त्याचं म्हणाल तर बाजाराच्या बाजूनं चढ आहे, तिकडे जाऊच नका. न्हाव्याच्या कोपऱ्यावरून वळा. तिथं जागाच जागा आहे. मी स्वतः तिथून लाकडांची गाडी वळवलेली आहे, डोळे मिटून.

आणि एक सांगतो. चाकाच्या मधल्या दांड्याची बेअरिंगं कुणाला काढू देऊ नका. भंगारवाल्याचा आधी त्यांच्यावरच डोळा असतो.

यायचं मनात फार आहे. पण या महिन्यात सरकारी तपासणी आहे, पुढच्यात नवीन इमारत सुरू होते. गुडघाही कुरकुर करतो. मी इथं दिवसभर लोकांना वर पोचवतो आणि संध्याकाळी मलाच चार पायऱ्या चढवत नाहीत. असो. फोटो पाठवा.

तुमचा,
भाऊजी

१ मार्च

प्रिय भाऊजी,

तुमच्या डोळे मिटून वळणाऱ्या गाडीला दंडवत.

सगळं तुमच्या सांगण्याबरहुकूम केलं. ट्रॉली, ओंडके, साखळ्या. बेअरिंगांवर मी स्वतः फडकं गुंडाळलं आणि शेजारी स्टूल टाकून बसले. अध्यक्षांना मागच्या दोराला लावलं, ते म्हणाले अध्यक्ष पुढे असतो, मी म्हटलं तज्ज्ञांचा सल्ला आहे. गावातलं शेंबडं पोरसुद्धा रस्त्यावर होतं. बायका खिडक्यांतून सूचना देत होत्या, डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या. ट्रॅक्टरवाला शेवटी ओरडला, "एकीनं बोला, नाहीतर मी उतरून घरी जातो!"

उतार झाला, नाला झाला, आणि आम्ही न्हाव्याच्या कोपऱ्यावर पोचलो. भाऊजी, तुमच्या डोक्यातलं गाव बावीस वर्षांपूर्वीचं आहे. न्हाव्यानं मध्यंतरी दुकानापुढे ओसरी काढली, ओसरीवर पत्रा टाकला, पत्र्याला खांब दिले. चाकाची वरची कड त्या पत्र्याखाली गेली. ट्रॅक्टरवाल्यानं मागे घेतलं तर पत्राही मागे आला. पुढे घेतलं तर खांब पुढे आला. न्हावी एका गिऱ्हाइकाच्या अर्ध्या गालाला साबण लावून बाहेर धावला. गिऱ्हाईकही तसंच त्याच्या मागे. आणि तेवढ्यात ट्रॉलीच्या आसानं मान टाकली. कडाड् आवाज झाला, ट्रॉली एका अंगावर बसली आणि चाक अलगद घसरून न्हाव्याच्या दारात आडवं झालं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, तेवढं नशीब.

न्हावी म्हणाला, "आता माझ्या दुकानात गिऱ्हाईक आत कसं येणार?"

मी म्हटलं, "चाकाचे आरे ओलांडून."

तो अजून माझ्याशी बोलत नाही. क्रेन या गल्लीत शिरत नाही. दुसऱ्या ट्रॉलीवर उचलायचं कसं हे कुणालाच सुचत नाही. तुम्ही लिहा.

वहिनी

७ मार्च

वहिनी,

पत्र वाचताना मी इतका हसलो की हिनं पाण्याचा पेला आणून दिला. मग लाज वाटली. न्हाव्याला सांगा, पत्र्याचा खर्च माझा. ओसरी कधी झाली हो? मला कुणी कळवलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे तिथं अजून नुसता दगडाचा कट्टा आहे आणि त्यावर पाळी सुटल्यावर बसलेली काळी तोंडं.

उचलायला साखळी-कप्प्या लागतील. चार खांब पुरून त्यांच्यावर आडवा गर्डर टाका. कागदावर काढून देतो, सोबत आहे. घाई करू नका आणि चाकाखाली कुणाला वाकू देऊ नका.

भाऊजी

२८ मार्च

प्रिय भाऊजी,

तुमचा नकाशा मिळाला. पण चाक आता कुठेही जायचं नाही. ऐका कसं ते.

पहिले काही दिवस न्हाव्याचं दुकान ओस पडलं. मग पोरं चाकावर चढायला लागली. पोरांना हाकलायला आया आल्या, त्या कडेवर टेकल्या. आयांना शोधत बाप आले, आणि बसलोच आहोत तर दाढी करून घेऊ म्हणाले. पेन्शनवाले म्हातारे तर सकाळपासून तिथंच. चाकाला हात लावतात आणि खालच्या गप्पा मारतात, ज्या त्यांनी घरी कधी मारल्या नव्हत्या. न्हाव्यानं एक आरसा बाहेर टांगला. परवाच्या सभेत अध्यक्ष म्हणाले, कप्प्या आणा, चाक बागेत हलवू. तर न्हावी उभा राहिला. तोच न्हावी!

म्हणाला, "हलवायचं नाही. पाळी सुटली की सगळे खाणीपासून इथपर्यंत एकत्र यायचे. इथं तीन गल्ल्या फुटतात. इथून एकेक जण आपापल्या घरी जायचा. माझे वडील याच दारात उभे राहून त्यांना म्हणायचे, 'चला, उद्या भेटू.' पाणी फुटलं त्याच्या आदल्या दिवशीही म्हणाले होते. चाक आपणहून इथं बसलंय. त्याला उठवायचं नाही."

अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "ठराव मंजूर." भाऊजी, त्या माणसाला मी उगाच नावं ठेवली.

तेव्हा चाक तिथंच उभं करायचं, दगडी चौथऱ्यावर. आता दोन भानगडी उरल्या.

पहिली, अध्यक्ष म्हणतात स्मारक फिरतं नसतं, पक्कं वेल्डिंग करा. मला ते फिरायला हवंय. थांबलेलं चाक आम्ही खूप बघितलं. पण खाली जायच्या बाजूला फिरलेलं मला अजून बघवत नाही. काय करू?

दुसरी, नावं. कार्यालयाकडून नावं आली ती वाचून दाखवली तर कुणाला कोण कळेना. एका बाईनं विचारलं, "हा कोण बाई?" दुसरी म्हणाली, "अगं, तुझा चुलत सासरा!" सगळी हयात ज्याला आपण लंबू म्हणालो त्याचं पाळण्यातलं नाव कुणाला ठाऊक? तेव्हा ठरलं की खरं नाव बारीक आणि खाणीत मारायची हाक मोठी. पाथरवट म्हणाला, बरं झालं, हाका आखूड असतात.

आणि कार्यालयाच्या कागदात अठराच जण. तो कंत्राटदारानं आणलेला पोरगा, बुलबुल, त्यात नाहीच. तो कुठला, कुणाचा, कुणाला माहीत नाही. मी म्हटलं, बुलबुल तर बुलबुल, तो खाली होता, तो दगडावर असणार.

आता सांगा, तुमच्या भावाला खाली काय म्हणायचे? मला त्यांनी कधी सांगितलं नाही. काय सांगितलं होतं म्हणा!

वहिनी

८ एप्रिल

ती. वहिनींस,

न्हाव्याचं बोलणं मी दोनदा वाचलं.

चाकाचं आधी. वेल्डिंग अजिबात नको. मी खटका बनवतो. दांड्यावर दातांची चकती आणि वरून एक लोखंडी जीभ. चाक एका बाजूला फिरलं की जीभ दातांवरून टकटक करत सरकते, उलट्या बाजूला फिरवायला गेलं की दातात अडकते. म्हणजे ते फक्त वर यायच्या बाजूला फिरेल. दुसऱ्या बाजूला हत्ती लावला तरी हलणार नाही. आमच्या लिफ्टच्या कारखान्यात मिस्त्रीला सांगितलं कशासाठी हवंय ते. तो म्हणाला, जेवणाच्या सुट्टीत करू, मालकाला विचारायची गरज नाही. दांड्याची जाडी तेवढी दोरा गुंडाळून मोजून पाठवा.

बुलबुलला दगडावर घेताय हे फार चांगलं करताय. तो आमच्याच टोळीत होता, भावाच्या हाताखाली. बोलायला लाजायचा, आमची भाषा त्याला धड येत नव्हती, पण शीळ अशी घालायचा की अंधारात माणूस कुठे आहे ते कळायचं. मुकादमसुद्धा म्हणायचा, बुलबुल गप्प झाला तर जाऊन बघा रे. मी त्या दिवशी दुसऱ्या पाळीला होतो. शीळ मला अजून ऐकू येते.

भावाला खाली काही नाव नव्हतं. त्याचं साधं नावच कोरा.

मे महिन्यात यायचं ठरवत होतो, पण गुडघ्यानं उचल खाल्ली आहे. डॉक्टर प्रवास नको म्हणतात.

भाऊजी

१७ एप्रिल

भाऊजी,

दोरा पाठवते आहे. गाठ मारली आहे तिथपर्यंत मोजा.

आणि नाव नव्हतं हे खोटं. मी पेन्शनवाल्या म्हाताऱ्यांना विचारलं. पहिला म्हणाला, आठवत नाही, आणि आभाळाकडे बघायला लागला. दुसऱ्याला एकदम खोकला आला. तिसरा टॉवेल तोंडात कोंबून हसायला लागला आणि म्हणाला, "तुमच्या दिरालाच विचारा, आम्हाला मार खायचा नाही." इतकं काय वाईट होतं? शिवी होती का? शिवी असली तरी चालेल. पाथरवट बाकी अठरा हाका कोरून हातावर हात धरून बसला आहे.

उलट टपाली कळवा.

वहिनी

२६ एप्रिल

ती. वहिनींस,

शिवी नव्हती. दगडावर कोरलं तर लोक तुम्हाला हसतील, म्हणून मी लपवलं. आता म्हाताऱ्यांनी घात केलाच आहे, तर सांगतो.

खाली त्याला "आमची म्हणते" म्हणायचे.

घरी तो तोंड उघडत नसे, मला माहीत आहे. पण पिंजऱ्यातून उतरला की सुरू व्हायचा. "आमची म्हणते, माणूस थंडीनं आजारी पडत नाही, ओल्या मोज्यांनी पडतो." "आमची म्हणते, मुकादम इथं ओरडतो कारण घरी त्याचं कुणी ऐकत नाही." "आमची म्हणते, ज्याला भूक लागल्याचं कळत नाही त्याच्याशी भांडू नये, त्याला आधी खायला घालावं." तुम्ही रात्री जे बोललात ते सगळं दुसऱ्या दिवशी खाली यायचं, शब्दाला शब्द. पाळी बदलताना मुकादम स्वतः विचारायचा, "काय रे, आज तुझी काय म्हणते?" आणि तुमच्या मोज्यांच्या त्या बोलण्यावरून अख्खी टोळी डब्याबरोबर कोरड्या मोज्यांची जोडी आणायला लागली होती. खोटं वाटत असेल तर म्हाताऱ्यांना विचारा.

मी एकदा त्याला म्हटलं, अरे, हे वहिनींना सांग ना, त्यांना वाटतं तू ऐकतच नाहीस. तर म्हणाला, "वेडा की काय! कळलं तर ती जपून बोलायला लागेल. मग उद्या मी खाली काय सांगू?"

खटका तयार आहे. मिस्त्रीनं स्वतःच्या हातानं तेल दिलं. पार्सल निघालं.

तुमचा,
भाऊजी

(याच पाकिटात, वेगळ्या कागदावर)

ताई, हे टाकायला ह्यांनी पाकीट माझ्याकडे दिलं म्हणून दोन ओळी आत सरकवते. ह्यांच्या गुडघ्याला काही झालेलं नाही. रोज जिन्यानं चढतात. दोनदा तिकीट काढलं आणि दोन्ही वेळा परत करून आले. मला म्हणाले, "गाडीतून उतरल्यावर आधी मनोरा दिसतो गं." आता मनोरा नाही म्हणून सांगितलं, तर म्हणाले, "मग तर काहीच दिसणार नाही." तुम्ही रागावू नका. ह्यांना हे लिहिलंय म्हणून सांगूही नका. — तुमची धाकटी जाऊ

१० मे

प्रिय भाऊजी,

तुमचं पत्र मी परसात बसून वाचलं आणि अशी मोठ्यांदा हसले की शेजारीण हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आली. तिला वाटलं मला काही झालं. मग तिला वाचून दाखवलं, आणि वाचताना मी रडले, आणि ती पिठाच्या हातांनी माझे डोळे पुसायला लागली. दोघी भुतांसारख्या दिसत होतो. तिनं ते गल्लीत सांगितलं, गल्लीनं गावात. आता मी बाजारात गेले की भाजीवाली विचारते, "काय, आज तुमची काय म्हणते?"

इतकी वर्षं मी भिंतीशी बोलत होते, भाऊजी, आणि त्या भिंतीला कान नव्हे, तोंड होतं.

पाथरवटानं विचारलं, "बाई, हे खरंच कोरू? मागाहून खोडता येत नाही." मी म्हटलं, सगळ्यांत खोल कोर. कोरून झाल्यावर त्यानं छिन्नी खाली ठेवली आणि म्हणाला, "माझ्या बायकोला दाखवायला आणतो. नाही, नकोच आणायला."

खटका पोचला. ट्रॅक्टरवाल्यानं आणि न्हाव्यानं मिळून बसवला. अध्यक्षांनी उलट्या बाजूला फिरवून बघितलं, मग चौघांना लावून बघितलं, आणि वेल्डिंगचं नाव काढायचं सोडून दिलं. चाक उभं करायला तुमचा नकाशा कामाला आला. चौथ्या दिवशी ते चौथऱ्यावर उभं राहिलं, तेव्हा न्हाव्याच्या आरशात आणखी एक चाक दिसत होतं.

तीन जूनला उद्घाटन. तुम्ही गुडघा सांभाळा. गुडघ्याला लागेल तेवढा वेळ द्या. इथं कुणी रुसणार नाही, मी तर नाहीच. पण एक सांगते. तुम्हाला वाटत असेल की मनोरा गेला आणि तिथं आता मोकळं आभाळ दिसतं, तर तसं नाही. गाडीतून उतरल्यावर आता न्हावी दिसतो. तो स्टेशनापर्यंत गिऱ्हाईक शोधत येतो.

वहिनी

५ जून

प्रिय भाऊजी,

उद्घाटन झालं. असं झालं की विचारू नका.

न्हाव्यानं सकाळी सगळ्या म्हाताऱ्यांची फुकट दाढी केली, त्यामुळे ते एकमेकांना ओळखेनात. अध्यक्षांनी भाषण लिहून आणलं होतं, चांगलं आठ पानी. दुसऱ्या पानावर होते, तेवढ्यात लंबूच्या बायकोला धीर धरवला नाही. तिनं जाऊन चाकाला हात घातला. मग मी. मग सगळ्याच. चाक जड आहे, पहिल्यांदा हलेना. अध्यक्ष वाचत होते, "आज या ऐतिहासिक प्रसंगी..." आणि चाक हललं. टक्. मग टक् टक्. मग असं फिरायला लागलं, भाऊजी, की आम्हाला हात काढून घ्यावे लागले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नुसती ती टकटक. आणि लंबूची बायको एकदम म्हणाली, "पाणी तापत ठेवायला हवं." आणि आम्ही सगळ्याजणी हसत सुटलो. अध्यक्षांनी उरलेली सहा पानं खिशात घातली आणि बाह्या सरसावून चाकाला हात लावायला आले.

वर्तमानपत्राचा माणूस होता. त्यानं चाकाचा आणि हाकांचा फोटो घेतला. अंक पाठवते आहे. तुमच्या भावाची हाक वाचता येते, बुलबुलचीही येते. लंबूच्या हाकेवर अध्यक्षांचं कोपर आलं आहे.

वहिनी

२४ जून

भाऊजी,

हे पत्र तातडीचं आहे.

काल दुपारी एक बाई आली. माझ्याहून वयानं मोठी, काखेत कापडाची पिशवी, पायांत नवे बूट, ते चावत होते. गाड्या बदलत दोन दिवस प्रवास करून आली होती. आपली भाषा अडखळत बोलते. हातात तो वर्तमानपत्राचा फोटो, तिच्या गावात कुणी काही बांधून आणलं होतं त्या कागदातला. न्हाव्याला तिनं फोटो दाखवला आणि त्यातल्या एका हाकेवर बोट ठेवलं. न्हाव्यानं मला हाक मारली.

तिचा धाकटा भाऊ घरातून कामाला म्हणून गेला. एकदाच परत आला होता. तेव्हा तिला म्हणाला होता, "खाणीत मला बुलबुल म्हणतात." पुन्हा आला नाही. कुठली खाण, कुठलं गाव, कंत्राटदारानं कधी सांगितलं नाही.

मी तिला चौथऱ्यापाशी नेलं. तिनं बुलबुल या अक्षरांवरून हात फिरवला आणि विचारलं, "बुलबुल का म्हणायचे?"

मी म्हटलं, "शीळ घालायचा म्हणून."

ती तिथंच बसली. बूट काढून ठेवले. मग म्हणाली, "लहानपणी आमची बदकं होती. संध्याकाळी तळ्यावरून त्यांना परत बोलवायला तो एक शीळ घालायचा. त्याची स्वतःची. दुसऱ्या कुणाला जमत नसे. तीच का घालायचा? तीच असेल तर तो माझाच."

आम्ही म्हाताऱ्यांना विचारलं. शीळ सगळ्यांना आठवते, पण कशी ते कुणाला करून दाखवता येईना. एकानं प्रयत्न केला तर इंजिनानं वाफ सोडल्यासारखं झालं, ती बाई रडता रडता हसली. त्याच्या टोळीतलं आता तुमच्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

ती माझ्याकडे उतरली आहे. पुढच्या रविवारपर्यंत थांबवून घेते. शीळ कशी होती ते तुम्हाला जमेल तसं लिहा. लांब होती की तुटक, वर जायची की खाली यायची, काहीही लिहा. मी तिला वाचून दाखवीन.

वहिनी

२८ जून

वहिनी,

पत्र दुपारी मिळालं. लगेच लिहायला बसलो. आधी वर जाते, मग थांबते, मग दोन लहान तुकडे, असं लिहिलं. वाचून बघितलं तर ती बुलबुलची शीळ नव्हती, नुसती खरड होती. मग दांड्या आणि टिंबं काढून बघितली. कागद फाडले. ही दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "एकदा घालून तर दाखवा." मी इतक्या वर्षांत कधी घातली नव्हती, जमेल असं वाटलं नव्हतं. पहिल्यांदा नुसती हवा निघाली. दुसऱ्यांदा निघाली, अगदी त्याचीच. समोरच्या इमारतीत कुणीतरी खिडकी उघडून बघितलं.

हिनं मला काही न विचारता बॅग खाली काढली.

बाईंना म्हणावं, बदकांचं मला ठाऊक नाही, पण त्याची शीळ माझ्यापाशी आहे, आणि ती त्यांनीच ओळखायची. त्या रविवारी जाणार असतील तर त्यांना जाऊ देऊ नका. मी त्याच रविवारी सकाळच्या गाडीनं पोचतो. आणायला कुणी येऊ नका. तिथून मी चालत येईन.

शीळ कागदावर उतरत नाही, वहिनी. घेऊन येतो.

तुमचा,
भाऊजी